अंड्याचं सोवळं

कोंबडीच्या पोटातून बाहेर पडायला दार एकच. विष्ठा त्याच दारातून येते, मूत्र त्याच दारातून आणि अंडंही त्याच दारातून. प्राणिशास्त्रात या सामाईक दाराला अवस्कर म्हणतात. ही गोष्ट पहिल्यांदा कळली की बहुतेकांचा हात आपोआप नळाकडे जातो. भाजी धुतो, फळं धुतो, मग अंडी का नाही? पुष्कळ घरांत दुकानातून आलेली अंडी आधी सिंकमध्ये जातात, चोळूनचोळून धुतली जातात आणि ओलीच फ्रीजच्या दारातल्या खळग्यांत जाऊन बसतात. धुणाऱ्याला वाटतं, काम संपलं. जिवाणूंच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं काम आत्ता कुठं सुरू होतं.

दार एक असलं तरी वाट एक नाही. अंडं घालायच्या क्षणी कोंबडीच्या अंडनलिकेचा शेवटचा भाग उलटून बाहेर डोकावतो आणि अंडं त्याच्या ओलसर अस्तरातून थेट बाहेर पडतं. आतड्याचं तोंड त्या वेळी दाबलं गेलेलं असतं. त्यामुळे निरोगी कोंबडीचं नुकतंच पडलेलं अंडं बऱ्यापैकी स्वच्छ असतं. कवचावर दिसणारा मळ बहुधा नंतरचा: खुराड्यातल्या ओल्या भुश्याचा, दुसऱ्या कोंबडीच्या पायांचा, गोळा करणाऱ्याच्या हातांचा, दहा वेळा वापरलेल्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा.

अंड्याच्या स्वच्छतेबद्दल सांगण्यासारखी मुख्य गोष्ट इथंच आहे. अंडं स्वच्छ राखता येतं. मळल्यावर ते स्वच्छ करायला गेलं की बहुतेकदा जास्त बिघडतं. ज्या घरांनी अंड्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही त्यांना गंमत वाटेल, पण अंड्याचं स्वतःचं एक कडक सोवळं असतं, आणि ते मोडणारे बहुधा आपणच असतो.

कवच कसं घडतं

पिवळा बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण चोवीस ते सव्वीस तास जातात. सुमारे तीन तासांत बलकाभोवती पांढऱ्याचे थर चढतात. पुढच्या तास-सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे तयार होतात. उकडलेलं अंडं सोलताना टरफलाला चिकटून येतो तो पांढरा पापुद्रा हाच. उरलेले वीसेक तास कवच घडवण्यात जातात. हे कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. आत पिल्लू वाढायचं तर त्याला श्वास हवा, म्हणून या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात. एका अंड्यावर सुमारे सात हजारांपासून सतरा हजारांपर्यंत. हवा ज्या छिद्रातून जाऊ शकते त्यातून जिवाणूही जाऊ शकतो. तो तर छिद्राच्या मानानं कितीतरी लहान असतो.

म्हणून शेवटच्या टप्प्यात कोंबडी कवचावर एक अगदी पातळ, मुख्यतः प्रथिनांचा लेप चढवते. नुकतंच पडलेलं अंडं हातात घेतलं तर ते ओलसर, चकाकतं दिसतं. दोन-तीन मिनिटांत ती चकाकी जाते आणि पृष्ठभाग मंद, किंचित खरखरीत वाटू लागतो. तो लेप सुकल्याची ही खूण. छिद्रांची तोंडं आता झाकलेली असतात. वायूंची ये-जा चालू राहते, पण पाणी आणि पाण्याबरोबर येणारे जिवाणू बरेचसे बाहेरच अडतात.

अंड्याच्या आयुष्यातली सर्वांत नाजूक वेळ म्हणजे ही लेप सुकेपर्यंतची काही मिनिटं. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सियसच्या आसपास असतं. अंडं बाहेर येताच निवू लागतं, आतला ऐवज आकसतो आणि बाहेरची हवा छिद्रांतून आत ओढली जाते. बोथट टोकाशी दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि तिथं हवेची पोकळी तयार होते. या वेळी अंडं कोरड्या, स्वच्छ जागेवर असेल तर आत जाते ती फक्त हवा. ओल्या विष्ठेवर पडलं असेल तर हवेबरोबर तीही ओढली जाते, आणि ती आत गेल्यावर कवच कितीही घासलं तरी उपयोग नसतो. परसात चार कोंबड्या पाळणाऱ्यानंही अंडी घालायची जागा कोरडी ठेवावी, भुसा वरचेवर बदलावा आणि अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करावीत असं सांगतात, ते याचसाठी.

खुडूक बसलेली कोंबडीही नकळत हेच करत असते. पोर्तो रिकोच्या दमट पर्जन्यवनात संशोधकांनी ताजी अंडी उबवणीशिवाय उघड्यावर ठेवून पाहिली, तेव्हा काही दिवसांतच जिवाणू आणि बुरशी कवच पार करून आत पोचल्या. पुढच्या अभ्यासांत दिसलं की पक्षी अंड्यांवर बसला की कवचावरच्या जिवाणूंची वाढ रोखली जाते. ऊब पिल्लासाठी असते हे खरंच, पण अंडं कोरडं राहतं हाही त्या बसण्याचा मोठा लाभ.

पांढऱ्यातली उपासमार

समजा, एखादा जिवाणू कवच आणि पापुद्रे ओलांडून आत शिरलाच, तर तो पांढऱ्यात पोचतो. प्रथिनं आहेत, पाणी आहे; जिवाणूला आणखी काय हवं? तरीही बहुतेक जिवाणू इथं वाढत नाहीत, कित्येक मरतात.

याचं एक कारण शोधलं अलेक्झांडर फ्लेमिंगनं, पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. १९२२ मध्ये त्यानं नाकातला शेंबूड, अश्रू, लाळ यांत जिवाणूंना विरघळवून टाकणारं एक विकर असल्याचं दाखवलं आणि त्याला लायसोझाइम हे नाव दिलं. अंड्याच्या पांढऱ्यात ते भरपूर असतं. पांढऱ्यातल्या प्रथिनांपैकी साडेतीन टक्क्यांच्या आसपास. इतकं सहज आणि शुद्ध मिळतं म्हणूनच १९६५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्यानं ज्या विकराची त्रिमितीय रचना सर्वांत आधी उलगडली ते कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइमच होतं. आजही काही चीज फुगून फाटू नयेत म्हणून त्यांच्या दुधात ते घालतात.

लायसोझाइम जिवाणूची भिंत फोडतं. पण ज्या जिवाणूंच्या भिंतीवर आणखी एक स्निग्ध आवरण असतं, ज्यांना ग्रॅम-ऋण जिवाणू म्हणतात, त्यांच्यापुढं ते एकटं दुबळं ठरतं. अंडं सडवणारे स्युडोमोनास, प्रोटियस आणि आपल्याला आजारी पाडणारा साल्मोनेला हे तिघंही या गटातले. त्यांच्यासाठी पांढऱ्यात दुसरी योजना आहे. ओव्होट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन पांढऱ्यातलं लोह घट्ट धरून ठेवतं. लोहाशिवाय या जिवाणूंची वाढ होत नाही. अ‍ॅव्हिडिन नावाचं आणखी एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडकवून ठेवतं. शिवाय अंडं शिळं होत जातं तसा त्यातला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून जातो आणि पांढरं अधिकाधिक अल्कधर्मी होत जातं. त्याचा सामू साडेसातच्या आसपास असतो तो नवाच्या पुढं जातो. थोडक्यात, या जिवाणूंना इथं एकदम कोणी मारत नाही. बहुतेकांची उपासमार होते.

खरं अन्न असतं ते बलकात, लोहासकट. म्हणून बलक मधोमध राहील अशी व्यवस्था असते. अंडं ताटलीत फोडलं की बलकाच्या दोन बाजूंना पांढरे, पीळदार दोर दिसतात. काही जण ते घाण समजून किंवा कोंबाची सुरुवात समजून चमच्यानं काढून टाकतात. बलकाला कवचापासून दूर धरून ठेवणारे ते आधार आहेत, आणि ते ठसठशीत दिसत असतील तर अंडं ताजं आहे. पांढरं किंचित धुरकट असणं हेही ताजेपणाचंच लक्षण. बलकावरचा लाल ठिपका म्हणजे अंडाशयातली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटल्याची खूण; त्याचा जिवाणूंशी संबंध नाही.

दिवस जातात तसं हे सगळं सैल पडत जातं. पांढरं पातळ होतं, दोर ढिले पडतात, बलक तरंगत कवचाकडं सरकतो. बलकाभोवतीचं नाजूक पटल कमजोर होऊन त्यातलं लोह आणि इतर पोषक द्रव्यं पांढऱ्यात झिरपू लागतात. आतापर्यंत उपाशी बसलेल्या जिवाणूंना अन्न मिळतं. मग एखादं अंडं हिरवट होतं, एखादं काळं पडतं आणि फोडताच हायड्रोजन सल्फाइडचा तो सर्वपरिचित दर्प घरभर पसरतो.

धुवायचं की नाही?

आता नळाकडं वळू. फ्रीजमधल्या किंवा नळाच्या गार पाण्यात अंडं बुडवलं की त्याच्या जन्माच्या वेळी घडलं तेच पुन्हा घडतं. आतला ऐवज आकसतो आणि बाहेरचं आत ओढलं जातं. फरक इतकाच की या वेळी बाहेर हवा नसून कवचावरचा मळ कालवलेलं पाणी असतं. चोळल्यामुळं लेपही निघतो. पाणी बोअरचं, लोहाचं असेल तर भर पडते ती वेगळीच. १९६० च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत दिसलं की धुण्याच्या पाण्यात लोह जास्त असेल तर अंडी लवकर सडतात. ओव्होट्रान्सफेरिननं जे लोह मोठ्या निगुतीनं अडवून ठेवलेलं असतं, ते आपण बाहेरून पुरवतो.

मग अमेरिकेत अंडी धुतात ती कशी? तिथं दुकानात येणारी जवळजवळ सगळी अंडी धुतलेली असतात. पण त्या धुण्याचे नियम काटेकोर आहेत. पाणी किमान ३२ अंशांचं आणि अंड्यापेक्षा निदान ११ अंशांनी गरम असावं लागतं, म्हणजे आतला ऐवज आकसण्याऐवजी फुगतो आणि पाणी आत ओढलं जात नाही. त्यानंतर जंतुनाशकाचा फवारा आणि लगेच कोरडं करणं. लेप गेलेला असल्यामुळं तिथून पुढं ग्राहकाच्या घरापर्यंत अंडी सुमारे ७ अंशांना थंड ठेवावी लागतात.

युरोपीय संघानं नेमकी उलटी वाट धरली. स्वीडनमधले काही जुने अपवाद सोडले तर तिथं ‘अ’ वर्गाची म्हणून विकायची अंडी धुता येत नाहीत. विचार असा की धुण्याची मुभा दिली की कोंबड्यांची जागा अस्वच्छ ठेवण्याचीही मुभा मिळते. अंडं मुळातच स्वच्छ आलं पाहिजे, लेप शाबूत राहिला पाहिजे. दुकानात ती बहुधा फ्रीजबाहेर ठेवतात, कारण थंड अंडं उबदार हवेत आलं की त्यावर दव धरतं आणि त्या ओलाव्यातून जिवाणू छिद्रांत उतरतात.

दोन्ही पद्धती आपापल्या जागी चोख आहेत, कारण दोन्ही पूर्ण आहेत. आपल्याकडची अडचण ही की आपण अर्धी अमेरिका आणि अर्धा युरोप उचलतो. अंडी येतात न धुतलेली, थंड न ठेवता. ती आपण गार पाण्यात धुतो, कधी फ्रीजमध्ये ठेवतो, कधी बाहेर काढून ओट्यावर विसरतो, पुन्हा आत ठेवतो. लेपही राहत नाही आणि सलग थंडावाही मिळत नाही.

यातून घरासाठी निघणारे नियम साधे आहेत. निवडताना स्वच्छ, कोरडी, न तडकलेली अंडी घ्यावीत. ट्रेमध्ये वरचं एखादं अंडं फुटून त्याचा बलक खालच्या अंड्यांवर ओघळून वाळलेला असेल तर ती अंडी स्वस्तात दिली तरी घेऊ नयेत. कवचावर सांडलेला बलक म्हणजे जिवाणूंना आयतं जेवण. तडा बारीक असेल तर दोन अंडी एकमेकांवर हळूच वाजवून पाहावीत. तडकलेल्याचा आवाज बसका येतो. घरी आणल्यावर न धुता, झाकणाच्या डब्यात, फ्रीजच्या आतल्या फळीवर ठेवावीत. दारातले खळगे दिसायला सोयीचे, पण दार उघडलं की सर्वांत आधी तापतात तेच. एखाद्या अंड्याला थोडी माती लागलीच असेल तर ती कोरड्या कपड्यानं पुसून ते अंडं आधी संपवावं. धुवायचंच असेल तर फोडायच्या जरा आधी, आणि गार पाण्यात भिजत न ठेवता.

आतूनच येणारा

इथवर सगळा विचार बाहेरून आत शिरणाऱ्या जिवाणूंचा झाला. १९८० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट येऊ लागली. स्वच्छ, न तडकलेल्या, उत्तम प्रतीच्या अंड्यांमुळंही लोक आजारी पडत होते. आरोपी होता साल्मोनेला एंटेरिटिडिस. हा जिवाणू कोंबडीच्या अंडाशयात आणि अंडनलिकेत ठाण मांडतो आणि कवच चढण्याआधीच अंड्यात उतरतो. कोंबडी मात्र ठणठणीत दिसते, नेहमीसारखी अंडी देते. विषमज्वराचा जिवाणू याच कुळातला, पण तो माणसातच राहतो. अंड्यातून येणाऱ्या साल्मोनेलानं होतात ते ताप, पोटातली मुरड आणि जुलाब. धडधाकट माणूस बहुधा चार ते सात दिवसांत बरा होतो. तान्ही मुलं, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्या बाबतीत मात्र तो जिवावर बेतू शकतो.

ब्रिटनमध्ये ३ डिसेंबर १९८८ रोजी आरोग्य खात्याच्या कनिष्ठ मंत्री एडविना करी म्हणाल्या की देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनात आता साल्मोनेला शिरला आहे. अंड्यांची विक्री कोसळली, सुमारे चाळीस लाख कोंबड्या माराव्या लागल्या आणि दोन आठवड्यांच्या आत करीबाईंना राजीनामा द्यावा लागला. त्यांचं विधान अतिशयोक्त होतं. एखाद्या कळपात लागण असली तरी त्यातल्या फार थोड्या अंड्यांत जिवाणू सापडतो. पण मूळ प्रश्न खरा होता.

किती थोड्या अंड्यांत, याचा अंदाज अमेरिकेनं १९९८ च्या जोखीम-अभ्यासात केला: सुमारे वीस हजार अंड्यांत एक. हा आकडा तिथला, त्या काळचा. पण त्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रोज एक अंडं खाणाऱ्या माणसाला असं अंडं भेटायला सरासरी पंचावन्न वर्षं लागतील. शिवाय ताज्या अंड्यात हे जिवाणू असतात ते मोजके. ते नीट शिजवलं तर संपलंच. पण एखाद्या मोठ्या स्वयंपाकघरात पाचशे अंडी एका पिंपात फोडली तर? चाळीस पिंपांमागं एकात तो जिवाणू असणार, आणि त्या एका पिंपातलं खाणारे सगळेच त्याच्या तावडीत सापडणार. अंडं एकेकटं असतं तोवर धोका एका ताटापुरता असतो. एकत्र फोडल्यावर तो पंगतीचा होतो.

१९९४ मध्ये अमेरिकेत याचा मोठाच प्रत्यय आला. आइस्क्रीमचं पाश्चरीकरण केलेलं मिश्रण ज्या टँकरमधून कारखान्यात नेलं, त्याच टँकरमधून आधी कच्च्या अंड्यांचा द्रव वाहून नेलेला होता. कारखान्यात मिश्रण पुन्हा तापवलं गेलं नाही. आजारी पडलेल्यांचा अंदाज होता दोन लाख चोवीस हजारांचा.

आपल्याकडं याच जातीचा पदार्थ म्हणजे कच्च्या अंड्याचं मेयोनीज. ते तापवलं जात नाही, एका भांड्यात अनेक अंडी फोडून होतं आणि शोरम्याच्या गाडीवर उन्हाळ्याच्या उकाड्यात तासन्‌तास उघडं राहतं. विषबाधेच्या घटनांनंतर केरळनं जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणनं ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूनं एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. गंमत अशी की ज्या भुर्जीच्या गाडीकडं पाहून आपण नाक मुरडतो, ती या एका बाबतीत बरी. तिथं अंडं ऑर्डर आल्यावर फोडलं जातं, सणसणीत तव्यावर जातं आणि दोन मिनिटांत वाफाळत ताटलीत येतं. गाडीवर खरं पाहायचं ते कांदा-कोथिंबीर कशात धुतली, ताटली कोणत्या बादलीत बुचकळली आणि अंडं फोडलेल्या हातानंच पाव दिला का.

उष्णता दोन प्रकारची

ज्या उष्णतेनं जिवाणू वाढतात ती एक, आणि ज्या उष्णतेनं मरतात ती दुसरी. पहिलीचा अंदाज आपल्याकडं फारसा कोणी घेत नाही. साल्मोनेलाला ३५ ते ३७ अंश सर्वांत मानवतात. साधारण २० अंशांना ठेवलेल्या अंड्यात तो सुमारे तीन आठवडे फारसा वाढत नाही, कारण बलकाचं पटल तोवर टिकून असतं. ३० अंशांच्या आसपास तेच पटल काही दिवसांत कमजोर पडतं. जपानी लोक कच्चं अंडं गरम भातावर घालून खातात, म्हणून तिथल्या अंड्यांवरची तारीख कच्चं खाण्यासाठीची असते. आणि त्यामागच्या हिशेबात हिवाळ्यात घातलेल्या अंड्याला ५७ दिवसांपर्यंत, तर उन्हाळ्यात घातलेल्याला जेमतेम १६ दिवस दिलेले आहेत. अंडं तेच, फरक हवेचा.

लंडनच्या दुकानात अंडी उघड्यावर असतात म्हणून नागपुरात मे महिन्यात ती ओट्यावर ठेवायला हरकत नाही, हा युक्तिवाद इथं गळून पडतो. महाराष्ट्राला लागणाऱ्या अंड्यांचा मोठा वाटा तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूतून ट्रकनं येतो. ट्रक थंड नसतो, घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम थंड नसतं, किराणा दुकानही नसतं. अंडं आपल्या हातात येईपर्यंत त्याचं किती आयुष्य उन्हात गेलं हे सुट्या अंड्यावर कुठंच लिहिलेलं नसतं. पाण्यात टाकून पाहण्याची जुनी युक्ती आहे: ताजं अंडं तळाशी आडवं बसतं, शिळं उभं राहतं, फार शिळं तरंगतं. ती वय सांगते, कारण पाणी उडून हवेची पोकळी वाढत गेलेली असते. साल्मोनेलाबद्दल ती काहीच सांगत नाही. त्या जिवाणूनं अंड्याला वास येत नाही, रंग बदलत नाही. ताजं ते निर्धोक, असं समीकरण म्हणूनच मांडता येत नाही.

दुसऱ्या उष्णतेचं मोजमाप मात्र अंड्यातच आहे. पांढरं साधारण ६२ ते ६५ अंशांच्या दरम्यान गोठू लागतं, बलक ६५ ते ७० अंशांना घट्ट होतो. ७१ अंशांना साल्मोनेला जवळजवळ लगेच मरतो. म्हणजे बलक पुरता घट्ट झाला की थर्मामीटर न लावताही काम झाल्याचं कळतं. हाफ फ्रायचा वाहता बलक तिथवर पोचलेला नसतो. तो खायचा की नाही हे निरोगी प्रौढानं स्वतः ठरवावं. गरोदर बाईला, वर्षाच्या मुलाला आणि केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला तो देऊ नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हा गावोगाव अंडी खाणंच थांबलं होतं. तो विषाणूही ७० अंशांपर्यंत सगळीकडून नीट शिजलेल्या अंड्यात टिकत नाही.

उकडलेल्या अंड्याबद्दल एक गैरसमज घट्ट रुजलेला आहे: उकडलं म्हणजे आता टिकेल. प्रत्यक्षात ते कच्च्यापेक्षा लवकर बिघडतं. उकळत्या पाण्यात लेप निघून जातो आणि लायसोझाइमसारखी प्रथिनंही गोठून निकामी होतात. त्यात आपण ते कढईतून काढून गार पाण्यात टाकतो. गरम अंडं झपाट्यानं आकसतं आणि भोवतालचं पाणी छिद्रांतून आत खेचतं. स्टँडवर अंडी विकणाऱ्याची निववायची बादली म्हणूनच लक्ष देऊन पाहावी. घरी निववायला पिण्याचं पाणी घ्यावं. उकडलेली अंडी बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नयेत. फ्रीजमध्ये टरफलासकट ठेवली तर आठवड्याच्या आत संपवावीत.

घाण थांबवायची कुठं

पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं उतरत्या जाळीवरून पडल्यापडल्या घरंगळत बाहेर येतं, म्हणून त्याचं कवच परसातल्या गावठी अंड्यापेक्षा पुष्कळदा स्वच्छ असतं. पण युरोपीय संघानं २००४-०५ मध्ये केलेल्या पाहणीत साल्मोनेलाचं प्रमाण मोठ्या कळपांत आणि पिंजऱ्यांच्या पद्धतीत जास्त आढळलं. हजारो पक्षी एका छताखाली असले की उंदरांना खाद्य आणि आसरा दोन्ही मिळतं. उंदीर हा जिवाणू आतड्यात बाळगतो आणि लेंडीतून खाद्यात सोडतो. शेड रिकामं करून धुतलं, नवा कळप आणला, तरी उंदीर तेच राहिले तर लागणही तीच राहते. कवच पाहून अंड्याचं घराणं कळतं, आरोग्य कळत नाही.

ब्रिटननं १९८८ नंतर ग्राहकाला उपदेश करण्यावर सगळं सोडलं नाही. १९९८ पासून तिथल्या अंडी-उत्पादकांनी कोंबड्यांना साल्मोनेलाची लस, कळपांची नियमित तपासणी, उंदरांचा बंदोबस्त आणि प्रत्येक अंड्यावर शिक्का व तारीख अशी पद्धत स्वीकारली. रुग्णसंख्या झपाट्यानं घटली. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या अन्न सुरक्षा यंत्रणेनं जाहीर केलं की ती शिक्क्याची अंडी गरोदर स्त्रिया, लहान मुलं आणि वृद्धांनीही हवी तर अर्धकच्ची खावीत. ज्या अंड्यांपायी मंत्र्याचं पद गेलं त्यांच्यावरची बंधनं तीस वर्षांच्या आत उठली, आणि त्यासाठी एकही अंडं धुवावं लागलं नाही.

भारतात २०२३-२४ मध्ये १४,२७७ कोटी अंडी तयार झाली, माणशी वर्षाला सुमारे १०३. इतक्या मोठ्या व्यवसायात ट्रेमधलं सुटं अंडं अजून बहुधा तारखेविना विकलं जातं. ते कोणत्या शेडमधून आलं, केव्हा घातलं, कळपाची तपासणी झाली का, यांतलं काहीच ग्राहकाला कळत नाही, म्हणून त्याच्या हाती उरतात निवडणं, थंड ठेवणं आणि शिजवणं एवढ्याच तीन गोष्टी. दुधाच्या पिशवीवरची तारीख आपण न चुकता पाहतो. अंड्यावर तारीख मागणारं गिऱ्हाईक अजून दुकानदाराला चक्रम वाटतं. अशी चार गिऱ्हाइकं रोज येऊ लागली तर तो घाऊकवाल्याला विचारील, आणि घाऊकवाला पोल्ट्रीवाल्याला.